आईची फेरी

नोकरीच्या मुलाखतीची उद्याची दुसरी फेरी आईची होती. पहिल्या फेरीत मंजिरी पास झाली होती. आता कंपनीचं यंत्र तिच्या आईच्या आठवणी वाचून लेकीची पारख करणार होतं.

“शाळेत मला फिट्स यायच्या, ते उद्या आठवू नकोस हं. दिसलं की नोकरी गेलीच,” मंजिरीने पुन्हा बजावलं.

“नाही गं बाई,” शेवंताबाई म्हणाल्या, अन् लगेच त्यांना लेकीच्या नाकाशी धरलेली चप्पल दिसली. मन गुंतवायला त्यांनी ओव्या म्हणून पाहिल्या. पण ओवी म्हटली की लेक येणारच.

“मग माझ्या जन्माआधीचं आठव. माहेरचं.”

त्यांनी डोळे मिटले. बऱ्याच वेळाने उघडले.

“जमलं?”

“कसं जमावं, बये? तिथंही बोरीखाली बोरं वेचत तूच बसलेली.”