तनुजाचं पथ्य

अंगावर पिणारं बाळ सारखं कळवळतंय, तर आईने दूधदुभतं सोडून पाहावं, असं डॉक्टर म्हणाले आणि तनुजाने चहासुद्धा सोडला. तीन आठवडे झाले, बाळाचं रडणं तसूभर कमी झालं नाही. निघोज्यातल्या त्यांच्या खोलीची भिंत शेजारचे रात्रपाळीवाले दिवसा झोपमोड होते म्हणून बडवू लागले. “तुझंच दूध त्याला सोसत नाही,” म्हणत नवऱ्याने शेवटी दूध आटवायची गोळी आणि पावडरचा डबा आणला. तनुजाने रडतच गोळी गिळली. दुसऱ्या सकाळी ती बाळंतपणाला आलेल्या आईला म्हणाली, “एवढं पथ्य पाळलं गं आई, फुकट गेलं.” “पथ्य कसलं माय?” आई कौतुकाने हसली. “माझ्या लेकीला मी अशी वाळू देईन व्हय? रोज कणीक दुधातच मळली, पत्ता लागू दिला का तुला?” तनुजाने मोरीत जाऊन घशात बोटं घातली. पण गोळी कालची होती.