बातमी कुणी फोडली?

"नर्सबाईला सांगितलं, कोरियाला चाललेय. औषधवाल्याला सांगितलं, टीव्हीवर गायला निवड झालीय. आणि वहिनीला सांगितलं, माझं लग्न ठरलंय," एस्त्रेया धापा टाकत म्हणाली. "आता जी थाप गावभर फिरेल, तिच्यावरून चोर सापडला म्हणून समज!"

आईनं टाळीच वाजवली. "शाब्बास गं माझी वाघीण! सापडू तर दे, नाही त्या मेल्याच्या झिंज्या उपटल्या तर बघ!"

चिडण्यासारखंच होतं. एस्त्रेयाला मागं क्षय झाला होता. गोळ्या पुऱ्या करून ती ठणठणीत बरी झाली. घरात आई आणि वहिनी, बाहेर नर्सबाई आणि औषधवाला, एवढ्यांनाच हे ठाऊक. तरी कुणीतरी बातमी फोडली आणि बेकरीवाल्यानं तिला हाकललं. वस्तीच्या कचेरीत ती तक्रार करायला गेली, तर साहेब म्हणाले, "कुणाच्या आजाराची माहिती फोडणं गुन्हाच आहे. पण बाई, नाव तरी आणा!"

म्हणून हा सापळा. सोमवारी तिला हॉटेलच्या स्वयंपाकघरात रुजू व्हायचं होतं. मालकीण पालोमारबाई इलोइलो शहरात नवीन, आणि आजाराचं नाव काढलं की दहा हात लांब पळणारी. पुन्हा बोभाटा झाला असता तर ही नोकरीही गेली असती.

शनिवारभर एस्त्रेया बाजारात कान टवकारून फिरली. ट्रायसिकल रिक्षावाल्यांच्या घोळक्यात उगाच घुटमळली.

"काय गं, नवरा शोधतेस काय?" मासळीवालीनं हटकलं.

"मिळाला तर तुझ्याच तराजूत तोलून घेईन!"

पण कोरिया नाही, गाणं नाही, लग्न नाही. कुणी चकार शब्द काढला नाही.

"तिघंही बेरकी आहेत," संध्याकाळी आई म्हणाली. "तू घोर लावून घेऊ नकोस. मी बघते." आणि लगबगीनं मेणबत्ती लावायला चर्चमध्ये गेली.

रविवारी पहाटेच्या मिस्साला, चर्चमधल्या प्रार्थनेला, एस्त्रेयाही गेली. इतकी वर्षं या वेळेला ती बेकरीत पाव भाजत असायची. चर्च खच्चून भरलं होतं. पुढच्याच बाकावर साक्षात पालोमारबाई! बाईंनी वळून हसून मान डोलावली. एस्त्रेयाच्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

"आई, कुणीच काही बोललं नाही गं! वाचले मी!"

"गप, गप," आईनं तिला कोपरानं ढोसलं. तिचा चेहरा नुसता फुलला होता. "फादर लोकांच्या प्रार्थनेच्या विनंत्या वाचतायत. आता आपलीच!"

लाऊडस्पीकर खरखरला.

"एस्त्रेया मग्बानुआ. हिच्या क्षयासाठी मागं आपण सर्वांनी रोज पहाटे प्रार्थना केली होती. आता तिच्या आईची विनंती अशी, की ही बातमी ज्यानं फोडली, त्याला देवानं लवकर पकडून द्यावं."