सर्वानुमते

वस्तीत राहायला येताना प्रत्येकाने आपलं पाकीट शेकोटीत टाकलेलं होतं. तिथे पैसा कुणाचाच नव्हता. बाहेरच्या जगासाठी लागेल तेवढा एका पत्र्याच्या डब्यात असे, आणि तो डबा उघडायला सगळ्यांचे हात वर व्हावे लागत. एक जरी हात खाली राहिला, तरी डबा बंद.

मोरिवाकीला त्यातून ओसाकाच्या तिकिटाचे पैसे हवे होते. आई वारली होती. पावणेसहाची शेवटची गाडी मिळाली, तरच उद्या सकाळी अंत्यसंस्काराला तो पोचणार होता.

अठ्ठावीस हात वर गेले. चिझुएचा मांडीवरच राहिला.

"चिझुए-सान, आई आहे हो माझी," तो म्हणाला.

"गेली ना ती? मग तिला आता तुमची गरज नाही. तुम्हाला फक्त जावंसं वाटतंय. आणि नुसतं वाटतंय म्हणून डबा उघडत नाहीत."

"अहो, काय बोलताय हे! माणूस आहात का दगड?" मागून कुणीतरी ओरडलं.

"हे बोलणं माझं नाही. माझी लेक सुमिए वारली आणि मी तिकिटाचे पैसे मागितले, तेव्हा ह्या मोरिवाकींनीच मला असं समजावलं होतं. हात खाली ठेवून."

मोरिवाकीची मान खाली गेली.

खालच्या दरीतून गाडी सुटल्याची शिट्टी ऐकू आली. ती पार विरेपर्यंत चिझुए थांबली, आणि मग तिने हात वर केला.

ठराव सर्वानुमते मंजूर झाला.