भिंतीपलीकडचं जोडपं

संपादकबाईंनी कादंबरी दुसऱ्यांदा परत पाठवली. "तुमचं जोडपं एकमेकांना नोटीस दिल्यासारखं प्रेम करतं," त्या फोनवर म्हणाल्या. "महिनाभरात त्यांना जिवंत करा, नाहीतर पुस्तक विसरा."

लेखक डोकं धरून टेबलाशी बसला, तेवढ्यात समोरच्या भिंतीतून आवाज आला.

"ओला टॉवेल पुन्हा पलंगावर टाकलास ना?"

"तुझ्या बाजूला टाकलाय. माझी कोरडी आहे."

मग दोघंही खो खो हसली.

लेखकाने ते जसंच्या तसं उतरवलं. पुढे रोज सकाळी दहाला भांडण सुरू व्हायचं आणि अकरापर्यंत त्याचं एक प्रकरण हातावेगळं व्हायचं. भिंतीपलीकडे घर नव्हतं, तिसऱ्या मजल्याच्या उंचीवरची नुसती हवा होती. पण इतके चांगले संवाद मिळत असताना पत्ता कोण विचारतो?

एकदा त्याची पेन्सिल मोडली. पलीकडची बाई लगेच म्हणाली, "थांब रे, त्याला टोक करू दे." त्याने निमूटपणे टोक केलं.

महिना संपता संपता संपादकबाईंचा फोन आला. "शेवटचं पान तेवढं पाठवा. छापतोय आपण!"

लेखकाचे डोळे भरून आले. टेबलावरच्या त्या पानासमोर बसून त्याने भिंतीला मनापासून हात जोडले. "वहिनी, तुम्हा दोघांचे उपकार कसे फेडू?"

"उपकार कसले, भाऊजी!"

आवाज भिंतीतून आला नव्हता. त्याच्या खुर्चीमागून आला होता.

"जरा डोकं बाजूला घ्या. ह्याला शेवटचं पान दिसत नाहीये."