खंडेनवमीचा नारळ

खंडेनवमीच्या पूजेत बाबांच्या हातातून नारळ निसटला तो थेट केतकीच्या शर्यतीच्या कार्बन सायकलवर, मधल्या दांडीवर आपटला. साधा ओरखडाही उठला नाही. "देवाचीच कृपा!" म्हणत बाबांनी हात जोडले आणि ते प्रसाद आणायला आत गेले.

थोरल्या शर्वरीने नाण्याने दांडी वाजवून पाहिली. सगळीकडे टणटणीत, नारळ लागला तिथे मात्र बद्द आवाज. वरून धड दिसली तरी कार्बनचे आतले थर सुटले होते. घाटातल्या पहिल्याच खड्ड्यात ही मोडणार, हे तिला लख्ख कळलं. यंदा संघातली तिची जागा धाकट्या केतकीनेच घेतली होती.

"ताई, ठीक आहे ना गं?" केतकीने दारातून विचारलं. "उद्या घाट उतरायचाय."

"अगं, काही धाड भरत नाही तिला," शर्वरी म्हणाली, आणि नेमक्या त्याच जागी तिने कुंकवाचं बोट लावलं.