जवळ कुणी होतं का?

दिंद्रुडजवळ आश्रुबाच्या शेतात शिकाऊ वैमानिकाचं विमान पडलं, त्याला आठ महिने झाले. त्यात एकोणीस वर्षांचा तन्मय एकटाच होता. तेव्हापासून आभाळात घरघर ऐकू आली की आश्रुबा हातातलं काम टाकून खाली बसायचा.

आज तन्मयचे वडील, कुलथे सर, नाशिकहून ती जागा बघायला आले. सगळीकडं कपाशी गुडघ्याला आली होती, पण तेवढ्या तुकड्यात आश्रुबानं काही पेरलं नव्हतं.

सर त्या मोकळ्या तुकड्यात जाऊन उभे राहिले. मग म्हणाले, "एवढंच सांगा. शेवटी त्याच्याजवळ कुणी होतं का?"

"व्हतं की. आमची मंडळी कापूस येचत व्हती. ती पळत गेली, त्याला बाहेर वढाया लागली. पाय अडकलेला, निघंना. मग हात धरून बसली. लेकरू 'आई' म्हणलं, तवा हिनं 'ओ' दिली."

सरांनी डोळे पुसले. "त्यांच्या पाया पडायचंय मला."

"माहेरी गेली हाय, सर."

"मग माझा नमस्कार सांगा."

"सांगतो."

गाडी दिसेनाशी झाल्यावर लेक वैष्णवी म्हणाली, "आबा, खरं कावून न्हाई सांगितलं?"

"एका मरणाचंच वझं त्यांना पेलंना, बाई."



विमानानं पेट घेतला तरी मनकर्णानं त्या पोराचा हात सोडला नव्हता. नवव्या दिवशी दवाखान्यात ती वारली.