पटावरून कमी

"इथे खाली, ताई. एवढी सही केलीत की झालं," बाई म्हणाल्या आणि त्यांनी कागद टेबलावरून पुढे सरकवला.

समोर बसलेल्या आईने पेन उचललं नाही. जेवणाच्या सुट्टीत ती लाँड्रीतून धावतपळत आली होती. इस्पितळाच्या चादरींना इस्त्री करून करून तिची बोटं शेकून निघाली होती. शेजारी तिची मुलगी उभी होती. वर्गात तिला सगळे घुमी म्हणत. खोटं कशाला बोला, शिक्षकांच्या खोलीत बाईसुद्धा तेच म्हणत. वर्गशिक्षिका असूनही बाईंनी वर्षभरात तिच्या तोंडून एक धड वाक्य ऐकलं नव्हतं.

दहावीच्या परीक्षेला बसणाऱ्या मुलांची यादी आज दुपारीच बोर्डाकडे पाठवायची होती. सलग तिसऱ्या वर्षी दहावीचा निकाल साठ टक्क्यांच्या खाली गेला, तर शाळेला कुलूप लागणार होतं. दहावीत मुलं अठ्ठावन्न. पास होण्यासारखी चौतीस. दोन नावं पटावरून कमी झाली की शाळा वाचत होती. एक काल कमी झालं होतं. दुसरं हिचं.

कच्ची मुलं तशी चोवीस होती. पण मुख्याध्यापकांनी गुण पाहिलेच नव्हते. त्यांनी 'पालकांचं शिक्षण' हा रकाना पाहिला होता. ज्या दोघांच्या नावापुढे तिथे नुसती आडवी रेघ होती, तीच नावं निवडली. जिथे रेघ, तिथे प्रश्न विचारायला कोणी येत नाही.

सकाळी बाईंनी थोडी कुरकूर करून पाहिली होती. "दोन मुलांसाठी बाकी सगळ्यांची शाळा बुडवू?" सर म्हणाले होते. "मोठ्या रस्त्यापलीकडच्या शाळेत किती लोक मुली पाठवतील, तुम्हीच सांगा." सर दुष्ट नव्हते, हीच तर पंचाईत होती. मग बाईंनीच आपल्या वळणदार अक्षरात, आईच्या नावाने अर्ज लिहून काढला. घरगुती अडचणीमुळे माझी मुलगी यापुढे शाळेत येऊ शकणार नाही, तरी तिचे नाव पटावरून कमी करावे, ही विनंती.

"कसला कागद आहे?" आईने विचारलं.

"परीक्षेचा." बाईंची जीभ जरा चाचरली.

"राग मानू नका हं. पण न वाचता कुठेच सही करायची नाही, असं हिनंच मला बजावलंय. सही करायला शिकवली ना, तेव्हाच." आई ओशाळं हसली आणि तिने कागद मुलीच्या हातात दिला. "वाच गं. मोठ्यानं वाच."

कागद हिसकावून घ्यावा असं बाईंना वाटलं, पण हात उचलेना. मुलीची नजर एकेक ओळ खाली उतरत गेली आणि शेवटच्या ओळीवर थांबली. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तिने एकदाच बाईंकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तरी बाईंना बरं वाटलं असतं.

"पालकांस नमस्कार," ती वाचू लागली. "आपली मुलगी मेहनती आहे. गणितात आणि इंग्रजीत ती जरा मागे पडते. म्हणून परीक्षेपर्यंत वर्गशिक्षिका तिला रोज शाळेच्या आधी एक तास शिकवणार आहेत. त्यास आपली संमती असावी, ही विनंती. कळावे."

ती कुठेही अडखळली नाही. थांबायचं तिथे थांबली. 'कळावे' म्हणताना तिने आवाजही खाली आणला. उभ्या उभ्या रचलेलं अख्खं पत्र, आणि एक 'विनंती' सोडली तर त्यातलं काहीही कागदावर नव्हतं. शाळा तर सुटलीच, आता आईचं मन तरी मोडू नये, एवढंच त्या पोरीने पाहिलं होतं. बाईंना स्वतःची शरम वाटली.

"आपलं घरदार सांभाळून एवढं करताय, बाई," आई म्हणाली. तिने पेन घट्ट धरलं आणि एकेक अक्षर जुळवत सही केली. आता अर्ज पुरा झाला होता. खाली सही होती, आणि ती खरी होती.

दारात मुख्याध्यापक उभे राहिले. "झाली का सही?"

"झाली की!" आईच उठून म्हणाली. "सर, फार उपकार झाले. मग बाई, उद्यापासून किती वाजता पाठवू हिला?"

सर बाईंकडे पाहतच राहिले. मुलीची मान खाली होती. पायाच्या अंगठ्याने ती फरशी टोकरत होती. बाईंच्या डोक्यात आकडे फिरू लागले. चौतीसऐवजी पस्तीस पास झाली, तर अठ्ठावन्नच्या अठ्ठावन्न पटावर ठेवूनही साठ टक्के पार होत होते. महिनाभर सर आणि बाई वजाबाकीच करत बसले होते. एक मिळवून पाहायचं कोणालाच सुचलं नव्हतं. साधेल का, कोण जाणे. नाही साधलं तर शाळा जाणार होती, आणि बोल बाईंनाच लागणार होता.

"सात वाजता," बाई म्हणाल्या. त्यांनी कागदाची घडी घातली आणि तो आपल्या पर्समध्ये ठेवला. "आणि सर, कालचंही नाव परत घ्या. त्यालाही सातलाच बोलावते."

"बाई, तो अर्ज इकडे द्या." सरांचा आवाज चढला. त्यांनी हात पुढे केला.

"अर्ज नाही सर, संमतीपत्र आहे," बाई म्हणाल्या. "हवं तर हिला वाचायला सांगा."